कोयनेची बोअर आणि संसदेची नजर : एका प्रश्नाचा पाठपुरावा

कोयना धरणाच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकार घेत असलेल्या खोल बोअरीबद्दल पाटण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आमच्या कराडच्या अभ्यासगटात विचारलं, “सहा किलोमीटर खोल जाणार म्हणत होते, तीन किलोमीटर गेले. पुढचं कधी? आणि हे विचारायचं कुणाला, आमदारसाहेबांना की खासदारसाहेबांना?” आमच्या गटात शिक्षक आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली मंडळी आहेत, शेती करणारे आहेत. सरकारी अर्थसंकल्पाची कागदपत्रं आम्ही एकत्र बसून वाचतो. प्रश्नाचा पहिला भाग भूगर्भशास्त्राचा होता, दुसरा संसदीय कामकाजाचा. दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड निघाला, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

जमीन का हलते आणि बोअर कशासाठी

कोयनेच्या धरणात 1962 पासून पाणी साठू लागलं. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगरची घरं जमीनदोस्त झाली, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि नंतर ती भिंत मजबूत करावी लागली. जलाशयामुळे चालना मिळालेला जगातला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप म्हणून शास्त्रज्ञ त्याकडे पाहतात. पाटण तालुक्यात अनेक घरांत भूकंपग्रस्ताचा दाखला कागदांच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो, कारण सरकारी नोकरीच्या समांतर आरक्षणात तो लागतो. भूकंप इथे इतिहासजमा झालेला नाही.

हादरेही थांबलेले नाहीत. 1967 नंतर या पट्ट्यात 5 किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त आणि 4 च्या वरचे सुमारे दोनशे भूकंप झाले. बारीक धक्क्यांची गणती हजारांत जाते. चांदोलीला वारणेचं धरण भरू लागल्यावर हालचाल दक्षिणेकडे, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या हद्दीकडे सरकली. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी ठरलेल्या शब्दांत येते : केंद्रबिंदू वारणा खोऱ्यात, हेळवाकच्या नैर्ऋत्येला इतके किलोमीटर, धरण सुरक्षित.

शास्त्रज्ञांच्या दृष्टीने या जागेचं वेगळेपण असं की साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यातच हे सगळं घडतं आणि आसपास 50 किलोमीटरच्या परिघात भूकंपाचा दुसरा स्रोत नाही. बहुतेक धक्क्यांची नाभी, म्हणजे धक्का जिथून सुरू होतो ती जागा, 2 ते 9 किलोमीटर खोलीवर असते. तिथवर उपकरण उतरवता आलं, तर भूकंप जिथे जन्मतो तिथेच त्याच्या आधीची, होतानाची आणि नंतरची हालचाल मोजता येईल. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या मंडळींनी, विशेषतः डॉ. हर्ष गुप्ता यांनी, कित्येक वर्षं या प्रश्नावर काम केलं. खोल छिद्राच्या आखणीसाठी 2011 मध्ये हैदराबादला आणि 2014 मध्ये आमच्या कराडला आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाल्या. आधी परिसरात सुमारे 1500 मीटर खोलीची नऊ छिद्रं घेऊन खडक तपासला गेला. मग गोठणे इथे डिसेंबर 2016 ते जून 2017 या काळात 3014 मीटर खोलीचं पथदर्शक छिद्र पूर्ण झालं.

कराडजवळ हजारमाचीला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे, ती याच कामासाठी. छिद्रातून निघालेले खडकाचे गोल दांडे तिथे लांबट खोक्यांत, खोलीचे आकडे घालून ओळीने मांडलेले असतात. पहिल्या खोक्यांतला काळा पाषाण कुणाही सातारकराच्या ओळखीचा, त्यात पांढऱ्या खनिजाचे ठिपके. मधूनमधून लालसर मातकट थर. हा सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, गोठण्याला सव्वा किलोमीटरच्या आसपास जाडीचा. आणि मग एका खोक्यापासून रंगच बदलतो. राखाडी-गुलाबी, दाणेदार ग्रॅनाइट सुरू होतो, 250 ते 270 कोटी वर्षांचा. भूकंप होतात ते या खालच्या खडकात. तो हाताळता येतो, त्याच्या भेगा दिसतात.

आमच्या शेतकरी मित्राला आणखी एक गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी ती दोनदा विचारून घेतली. तीन किलोमीटर खाली पाणी लागलं, आणि तपासणीत ते पावसाचंच निघालं. म्हणजे सह्याद्रीवर पडणारा पाऊस भेगांमधून इतक्या खोल जातो. इथला खडक आधीच इतक्या ताणाखाली आहे की दाबात थोडासा फरक पडला तरी लहान धक्के बसू शकतात, हेही याच छिद्रातून पुढे आलं.

थोडक्यात, पहिल्या भागाचं उत्तर असं की काम मध्येच थांबवलं गेलं नाही. तीन किलोमीटरचं छिद्र पहिल्यापासून पथदर्शक म्हणूनच आखलेलं होतं. त्यातून तापमान, ताण, खडकाची ताकद कळणार आणि त्यावरून सहा किलोमीटरच्या मुख्य छिद्राचा आराखडा ठरणार. 2024 मध्ये मंत्रालयाने माहिती दिली तेव्हाही सहा किलोमीटर हे पुढचं उद्दिष्ट म्हणूनच सांगितलं होतं. पण 2017 ते 2024 ही सात वर्षं आहेत. या सात वर्षांचा हिशेब लोकप्रतिनिधींनी कुठे आणि कसा मागायचा, इथून खरा पाठपुरावा सुरू झाला.

आमदार की खासदार

धरण राज्य सरकारचं. त्याची सुरक्षा, त्यातलं पाणी, पुनर्वसन, दाखले ही सगळी राज्याची कामं. त्यावर विधानसभेत तारांकित (तोंडी उत्तराचा) प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी लावता येते. बोअर मात्र केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची. जो विषय मुळात राज्य सरकारच्या अखत्यारीतला नाही, त्यावरचा प्रश्न विधानसभेत स्वीकारला जात नाही. त्यामुळे पाटणच्या आमदारांनी कितीही मनावर घेतलं तरी मुख्य छिद्राची तारीख त्यांना नागपूरला किंवा मुंबईला विचारता येणार नाही.

खासदारांकडे यावं तर भूकंपाचा पट्टा मतदारसंघांत वाटला गेला आहे. पाटण सातारा लोकसभेत. चांदोली ज्या शिराळा तालुक्यात आहे तो जिल्ह्याने सांगलीचा, पण लोकसभेला हातकणंगल्यात. धक्के बसतात ते एकाच खोऱ्यात, आणि त्यांच्यासाठी बोलणारे प्रतिनिधी वेगवेगळे. यात कुणाचा दोष नाही, रचनाच तशी आहे. पण परिणाम असा होतो की हा विषय पूर्णपणे आपला आहे असं कुणालाच वाटत नाही.

छत्रीखाली गेलेला आकडा

यानंतर आम्ही पैशाचा माग काढला, आणि या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच सापडली असं माझं मत आहे.

पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संशोधन योजना पूर्वी वेगवेगळ्या नावांनी चालत : हवामानाची वेगळी, समुद्राची वेगळी, ध्रुवीय प्रदेशांची वेगळी, भूकंप व भूविज्ञानाची वेगळी आणि शिक्षण-प्रशिक्षणाची वेगळी. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या पाचही एकत्र करून ‘पृथ्वी’ नावाच्या छत्र योजनेला मंजुरी दिली. रक्कम 4,797 कोटी रुपये, कालावधी 2021 ते 2026. कोयनेचं खोदकाम यातल्या भूकंप व भूविज्ञान या उपयोजनेच्या पोटात येतं. त्याच्या वाट्याला किती, हे 4,797 या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

तारखांकडेही बघा. पाच वर्षांच्या योजनेला मंजुरी मिळाली तेव्हा त्यातली जवळजवळ तीन वर्षं संपत आली होती. दरम्यान दरवर्षी अर्थसंकल्प मांडला गेला, संसदेने पैसे मंजूर केले, कामंही चालू राहिली. पण ज्या आराखड्याच्या कसोटीवर त्या पैशाचा जाब विचारायचा, तो आराखडाच मुदतीच्या उत्तरार्धात अंतिम झाला. माझ्या मते प्रशासनाच्या सोयीसाठी संसदेने मोजलेली ही किंमत आहे, आणि ती जास्त आहे.

योजना एकत्र करण्यामागे तर्क आहे, तो मी नाकारत नाही. पृथ्वी ही एकच व्यवस्था आहे, समुद्र, हवा आणि भूगर्भ यांचा अभ्यास तोडून करता येत नाही. एका कामात पैसे उरले तर दुसरीकडे वळवणंही सोपं जातं. पण पैसे सहज वळवता येतात, याचाच दुसरा अर्थ असा की एखादं काम मागे पडलं तर ते कागदावर दिसत नाही. एकूण खर्च झाला, टक्केवारी छान आली, पण गोठण्याला काय झालं? सरकारच्या नियमानुसार 1000 कोटींवरच्या योजना मंत्रिमंडळापर्यंत जातात. अर्थसंकल्पासोबत फलनिष्पत्तीचं, म्हणजे पैशातून काय साध्य होणार याचं, जे विवरण संसदेत येतं, तेही मोठ्या योजनांचंच. छोटा प्रकल्प मोठ्या छत्रीखाली गेला की त्याला संरक्षण मिळतं खरं, पण वरून पाहणाऱ्याला तो दिसेनासा होतो.

समितीच्या टेबलावर

संसदेत वैज्ञानिक संशोधनावर देखरेख ठेवण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल या विषयांची विभागीय स्थायी समिती. अशा समित्यांची पद्धत 1993 मध्ये सुरू झाली. हिच्यात 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत. अर्थसंकल्प मांडल्यावर अधिवेशनाला जी मधली सुटी असते, त्या काही आठवड्यांत समिती खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासते आणि अहवाल देते. सरकारने त्यावर काय केलं, हे तीन महिन्यांत कळवायचं असतं.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे, आणि प्रत्यक्षातही ती निरुपयोगी नाही. पण या एका समितीकडे काय काय आहे ते पाहा : अंतराळ विभाग, अणुऊर्जा विभाग, विज्ञान व तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन, पृथ्वी विज्ञान आणि पर्यावरण मंत्रालय. काही आठवड्यांत या सगळ्यांच्या सचिवांना बोलावायचं, आकडे तपासायचे, अहवाल लिहायचा. गगनयान, अणुभट्ट्या आणि जंगलांच्या परवानग्या ज्या टेबलावर आहेत, त्या टेबलावर गोठण्याच्या बोअरीला किती मिनिटं मिळतील? मूळ नियमाप्रमाणे समितीची मुदत एक वर्षाची. विषय कळू लागतो तोवर समिती बदलते. नियमाप्रमाणे दैनंदिन प्रशासनात तिने लक्ष घालायचं नसतं, आणि तिच्या शिफारशी सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात.

समितीनंतर सभागृह. तिथे मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते. उरलेल्या सगळ्या ठरलेल्या दिवशी एकदम मतास टाकल्या जातात. यालाच संसदेत गिलोटिन म्हणतात. लहान वैज्ञानिक मंत्रालयांच्या मागण्या बहुतेक याच मार्गाने जातात.

शेवटची पायरी महालेखापरीक्षकांची. ती ताकदीची आहे, पण ती मागाहून येते. अंतराळ खात्याच्या अँट्रिक्स कंपनीने देवास या खासगी कंपनीशी करार केला जानेवारी 2005 मध्ये, सरकारने तो रद्द करायचं ठरवलं फेब्रुवारी 2011 मध्ये, आणि महालेखापरीक्षकांचा त्यावरचा अहवाल संसदेत आला 2012 मध्ये. चूक शोधायला लेखापरीक्षण हवंच. सहा किलोमीटरची बोअर वेळेत सुरू व्हावी यासाठी मात्र त्याचा उपयोग नाही.

ज्याला नाव आहे त्याचा हिशेब मागता येतो

अंतराळ विभागाकडे पाहिलं की फरक कळतो. चांद्रयान-2 चं लँडर सप्टेंबर 2019 मध्ये चंद्रावर आदळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकसभेत लेखी उत्तर आलं. उतरण्याच्या पहिल्या टप्प्यात 30 किलोमीटरपासून 7.4 किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक होतं, वेग सेकंदाला 1683 मीटरवरून 146 मीटरवर आला होता. दुसऱ्या टप्प्यात वेग ठरल्यापेक्षा जास्त घटला आणि ठरलेल्या जागेपासून 500 मीटरच्या आत लँडर आदळलं. अपयशाची संपूर्ण तांत्रिक चौकशी लोकांसमोर यायला हवी होती असं मला आजही वाटतं. पण निदान एवढे नेमके आकडे सभागृहाच्या पटलावर आले, कारण विचारणाऱ्याला मोहिमेचं नाव माहीत होतं. 2023 ला यशस्वी झालेल्या चांद्रयान-3 चा खर्च सुमारे 615 कोटी, हा आकडा आज शाळकरी मुलंही सांगतात.

अमेरिकेत तर विधिमंडळ एकेका प्रकल्पापर्यंत पोहोचतं. नासाच्या जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचा खर्च हाताबाहेर गेल्यावर 2011 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीने ती बंदच करण्याचा प्रस्ताव ठेवला. शेवटी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पैसे दिले, पण विकासखर्चाला 8 अब्ज डॉलरची मर्यादा घालून. पुढे 2018 मध्ये ती मर्यादा ओलांडली जाणार हे दिसल्यावर पुन्हा काँग्रेसची मंजुरी घ्यावी लागली. दुर्बीण डिसेंबर 2021 मध्ये आकाशात गेली. तिथलं लेखापरीक्षण कार्यालय नासाच्या मोठ्या प्रकल्पांचा खर्च आणि वेळापत्रक यांचा आढावा दरवर्षी, प्रकल्पाच्या नावानिशी प्रसिद्ध करतं. आपल्या संसदेला हे सगळं उचलायची गरज नाही. पण नावानिशी आढावा ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

यावर शास्त्रज्ञांचा एक रास्त आक्षेप असतो. खोदकाम वेळापत्रकाप्रमाणे होत नाही, राजकारण्यांनी दर महिन्याला जाब विचारला तर कुणी धाडसी काम हातात घेणार नाही. खरं आहे. रशियातल्या कोला छिद्राचं लक्ष्य 15 किलोमीटर होतं, 12,262 मीटरवर थांबावं लागलं, कारण खाली अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता निघाली. त्याला कुणी गैरव्यवहार म्हणणार नाही. कोयनेलाही उशिराची कारणं शास्त्रीय असू शकतात : कठीण खडक, यंत्रसामग्री, उष्णता सोसणारी उपकरणं. खासदारांनी ड्रिलचं पातं कोणतं वापरावं हे सांगू नये. पण काय ठरलं होतं, किती झालं, का थांबलं आणि जे कळलं ते कुणाला सांगितलं, एवढं विचारणं हे त्यांचं कामच आहे. उशीर समजून घेता येतो. उशिराबद्दल काहीच न कळणं, विशेषतः ज्यांच्या घराखाली जमीन हलते त्यांना न कळणं, हे मला मान्य नाही.

मसुदा

एवढ्या वाचनानंतर गटाने ठरवलं की तक्रार लिहायची नाही, प्रश्न लिहायचा. लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित आणि जास्तीत जास्त 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात, सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते. आम्हाला आकडे हवेत, म्हणून अतारांकितच बरा : उत्तर लेखी येतं आणि कायमचं नोंदीत राहतं.

शब्दरचनेवर खूप वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. “कोयना भूकंप संशोधनाची सद्यस्थिती काय” असं विचारलं तर दोन परिच्छेदांचं गोड उत्तर येईल. म्हणून निवृत्त अभियंत्यांनी प्रश्नाचे तुकडे पाडले. 2017 नंतर कोयनेच्या खोल छिद्राच्या कामावर वर्षनिहाय तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती. सहा किलोमीटरच्या मुख्य छिद्राचा तपशीलवार आराखडा मंजूर झाला आहे काय, असल्यास केव्हा, नसल्यास कारण. पथदर्शक छिद्रातली निरीक्षणं राज्याच्या जलसंपदा विभागाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेला दिली आहेत काय. निष्कर्षांचं मराठीतलं निवेदन सातारा, सांगली आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवण्याची योजना आहे काय.

दुसऱ्या तुकड्यामागे हिशेब आहे. मंत्र्यांनी सभागृहात “विचाराधीन आहे” असं उत्तर दिलं, तर संसदीय पद्धतीत ते आश्वासन धरलं जातं. मग शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते, आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. टाळाटाळीचं वाटणारं उत्तरसुद्धा नोंदीत बांधून ठेवण्याची ही सोय फारशी कुणाला माहीत नसते.

चौथ्या तुकड्याचा आग्रह त्या शेतकऱ्याचा होता. बोअरीमुळेच धक्के वाढतील अशी भीती वाडीवस्तीवर बोलली जाते, आणि तिला उत्तर देणारं मराठी कागदपत्र त्यांच्या हाती कधी आलेलं नाही. संशोधनाचे निबंध इंग्रजीत, मंत्रालयाची माहिती इंग्रजी-हिंदीत. लोकसभेला याचिका द्यायची म्हटली तरी मराठी अर्जासोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

मसुदा दोन्ही खासदारांच्या कार्यालयांसाठी एकाच मजकुराचा केला आहे, म्हणजे खोरं एक आणि प्रश्न वेगळे असं होणार नाही. तोच मजकूर माहिती अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, मंत्रालयाकडेही जाईल. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे सभागृहातल्या उत्तराशी ते ताडून पाहता येईल. पृथ्वी योजनेची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतची ठरली होती. पुढच्या पाच वर्षांच्या आखणीत कोयनेच्या छिद्रासाठी स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद आणि वार्षिक प्रगतीचं विवरण असावं, ही पाचवी मागणी स्थायी समितीला पाठवायच्या निवेदनात घातली आहे. विधानसभेसाठीचा प्रश्न निराळा आहे आणि तो आमदारांसाठी ठेवला आहे : केंद्राच्या या छिद्रातून मिळालेली माहिती राज्याने धरणाच्या सुरक्षेच्या आढाव्यात वापरली का, आणि कशी.